भरून आलेला मेंदू

मुलाच्या डोक्यात गाठ निघावी, असं मला मनापासून वाटलं होतं. बोईसरच्या एका स्कॅन सेंटरच्या बाहेर, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी देवाकडे तेच मागत होतो. बायको शेजारी होती. ती काय मागत होती ते मी विचारलं नाही, पण फार वेगळं नसावं. गाठ निघाली तर डॉक्टर ती कापून काढतील, मुलगा थोडे दिवस पडून राहील, मग उठून जेवायला बसेल. त्या दिवसांत आमची आशा एवढ्यावर येऊन थांबली होती.

मी तारापूर एमआयडीसीत एका औषधं बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करतो. प्लांटमधून सॅम्पल येतं, आम्ही ते मशीनला लावतो, स्क्रीनवर आलेख उमटतो आणि माल पास की नापास ते ठरतं. तिथे माणसाच्या मताला किंमत नसते. कोणी कितीही वाद घातला तरी शेवटी मशीन जे दाखवतं ते खरं. उभं आयुष्य या सवयीत गेल्यावर माणसाला वाटायला लागतं, की नीट मशीन मिळालं तर कशाचंही उत्तर मिळेल.

आमचं मूळ गाव किनाऱ्यावरचं, घर मच्छीमारांचं. वडील बोटीवर जायचे. आई अजून गावीच असते, सुकी मासळी करते आणि विकते. मी शिकलो, नोकरीला लागलो, बोईसरला फ्लॅट घेतला. बायको सफाळ्याकडच्या एका खेड्यातली. तिच्या घरची भातशेती आहे, वर्षाचा तांदूळ तिकडून येतो. आम्हाला एकच मुलगा.

लहानपणी तो गुटगुटीत होता. शाळेत पोरं त्याला चिडवायची, तो हसून सोडून द्यायचा, किंवा आम्हाला तसं वाटायचं. पालघरला डिप्लोमाला प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षी त्याने सकाळी मैदानावर पळायला सुरुवात केली. आम्ही खूश झालो. कॉलनीतले लोक म्हणायचे, "काय फिट झालाय हो तुमचा मुलगा!" आधी त्याने गोड सोडलं, मग तळलेलं. मग म्हणाला, "रात्री भात नको." मग दुपारीही नको झाला. प्रत्येक वेळी कारण शहाण्या माणसाचं असायचं. त्यामुळे नेमकं कुठे त्याला अडवायला हवं होतं, ते मला अजूनही सांगता येत नाही.

विचित्र गोष्ट अशी, की स्वयंपाकाची त्याला त्याच काळात आवड लागली. रविवारी तो मोबाईलवर बघून बघून आमच्यासाठी काहीतरी करायचा. पनीर, पुलाव, एकदा घरी केक. आम्हाला वाढायचा आणि समोर बसून आमच्याकडे बघत राहायचा.

"तू घे ना," बायको म्हणायची.

"करता करताच पोट भरलं. पप्पा, अजून घ्या ना. आवडलं नाही का?"

मी घ्यायचो. आपला मुलगा आपल्यासाठी राबतोय याचं मला कौतुक वाटायचं. त्यात माया होतीच. पण आम्ही प्रत्येक घास घेताना त्याची नजर ताटापासून आमच्या तोंडापर्यंत यायची, तशी मी दुसऱ्या कुणाची नजर पाहिलेली नाही.

पहिल्यांदा ओळखलं ते माझ्या आईने. सणाला गावी गेलो होतो. पंगतीत सगळे जेवत होते आणि ती भिंतीला टेकून एकट्या नातवाकडे बघत होती. जेवणं झाल्यावर तिने मला मागच्या अंगणात बोलावलं.

"तुमी दोगं काय आंधले हाव का? ह्यो पोरगा जेवत नाय."

"जेवला की आत्ता. तुझ्यासमोर तर बसला होता."

"जेवला नाय. नुसता ताटात हात फिरवताय. मासा मोडला, भातात पुरला, भात इकडचा तिकडं केला नि उठला. मी बसलंय बगत."

घरी परत आल्यावर मी लक्ष ठेवलं. आई म्हणाली तसंच होतं. मग घरात रोजची भांडणं सुरू झाली. बायको हातात घास घेऊन त्याच्या मागे फिरायची. तो आधी हसायचा, मग चिडायचा, मग दार लावून घ्यायचा. लॅबमधला माझा सहकारी उत्तर प्रदेशातला, चांगला माणूस. तो एकदा हळूच म्हणाला, "भाई, बुरा मत मानना, लड़का कोई नशा-वशा तो नहीं करता?" मी त्याची बॅग तपासली, मित्रांना विचारलं. नशा नव्हती. मग कावीळ, टीबी, जंत, थायरॉइड असं एकेक तपासून झालं. आईने गावच्या देवळातून आणलेला तांब्याचा ताईत त्याच्या दंडाला बांधला. त्याने बांधू दिला. आजीला तो कधीच नाही म्हणायचा नाही, जेवणाखेरीज.

एके दिवशी तो कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडला. बोईसरच्या फिजिशियननी त्याची नाडी बराच वेळ हातात धरली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "फारच हळू चाललीय. डोक्याचा एमआरआय करून घ्या. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते. तिथे गाठ असली तर भूक, वजन, सगळं बिघडतं."

गाठ हा शब्द आम्ही त्या दिवशी ऐकला आणि धरून बसलो.

सेंटरमध्ये आत जाण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. घड्याळ, पट्टा, ताईत. बायको ताईताची गाठ सोडायला पुढे झाली. सोडायची वेळच आली नाही. दोरा कोपरावरून, मनगटावरून आपोआप घसरत तिच्या हातात आला. आईने बांधला तेव्हा तो घट्ट होता. बायकोने मूठ मिटली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मशीनचा ठोकल्यासारखा आवाज दाराबाहेरही येत होता. आत थंडी असते म्हणून त्याच्यावर चादर घातली होती, तरी बाहेर आला तेव्हा ओठ निळसर झाले होते. मी विचारलं, "भीती वाटली का रे?"

"नाही पप्पा. उलट बरं वाटलं. आत कोणी काही खा म्हणत नव्हतं."

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "गाठबीठ काही नाही," ते म्हणाले.

बायको रडायला लागली.

"अहो, रडताय कशाला? चांगली बातमी आहे."

त्यांना कसं सांगणार? मग त्यांनी फिल्मवर बोट ठेवलं. मधल्या काळ्या पोकळ्या रुंद दिसत होत्या, कडेच्या वळ्यांमधल्या फटी मोठ्या झाल्या होत्या. "मेंदू जरा आकसलाय. म्हाताऱ्या माणसांत असं दिसतं, या वयात दिसायला नको."

"कशामुळे?"

"उपाशी राहिल्यामुळे. शरीराला बाहेरून मिळालं नाही तर ते आतलं वापरतं. मेंदूही त्यातून सुटत नाही. पण घाबरू नका, खायला लागला की बराचसा भरून येतो."

म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे तो खात नाही, असं नव्हतं. तो खात नाही म्हणून मेंदूत बिघाड दिसत होता. आम्ही कारण शोधायला गेलो होतो आणि हातात परिणामाचा फोटो घेऊन आलो.

डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मानसोपचार विभागात पाठवलं. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी त्याच्याशी एकट्याशी बोलून घेतलं आणि मग आम्हाला आजाराचं नाव सांगितलं. अनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच सुटत जाण्याचा आजार. मी म्हणालो, "पण मॅडम, हा मुलींचा ना?" त्या म्हणाल्या, "तसं समजतात म्हणूनच मुलगे आमच्याकडे उशिरा येतात." त्यांनी त्याला दाखल करून घेतलं.

तिथे असताना तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलायला लागला. जेवताना आतून कुणीतरी बोलतं, असं त्याने सांगितलं. बाहेरचा आवाज नव्हे, आपलाच, पण आपलं न ऐकणारा. घास उचलला की तो म्हणतो, ठेव. ठेवला की म्हणतो, शाब्बास. "पप्पा, तुम्ही सगळे ओरडता. तो शाब्बास म्हणतो," मुलगा म्हणाला. मी काहीतरी बोललो असेन. आता आठवत नाही.

त्याच वॉर्डात एक तरुण डॉक्टर यायची. ती या आजारातल्या मेंदूचा अभ्यास करत होती. मशीनमध्ये झोपवून खाण्याचे फोटो दाखवायचे आणि तेव्हा मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते बघायचं, असं काहीतरी. तिने विचारलं, "भाग घेशील का? जबरदस्ती नाही." तो लगेच हो म्हणाला. कितीतरी दिवसांनी मी त्याला कशाबद्दल उत्सुक होताना पाहिलं.

परत आला तो गाल लाल करून. बायकोने आणि मी दोन्हीकडून त्याला घेरलं.

"काय काय दाखवलं?"

"केक. बर्गर. वरण-भात. भरलेलं ताट. आणि मधे मधे खुर्च्या, बादल्या, खोके."

"बादल्या कशाला?"

"तुलनेला. बादली आली ना मम्मी, की सुटल्यासारखं वाटायचं."

तो हसला. आम्हीही हसलो. त्या सगळ्या वर्षांत तिघं मिळून हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

त्यानंतर तो रोज वाट बघायचा. त्याला खात्री होती, की आता उत्तर येणार. ती डॉक्टर वॉर्डात दिसली की उठून बसायचा. शेवटी त्याने तिला विचारलंच.

"मॅडम, माझ्या फोटोत काय दिसलं?"

ती खाटेच्या कडेला बसली. "एकट्याच्या फोटोवरून आम्ही काही सांगू शकत नाही रे. प्रत्येकाचा मेंदू थोडा वेगळा वागतो, एकाच माणसाचाही रोज सारखा नसतो. खूप जणांचे फोटो एकत्र केले, हा आजार नसलेल्यांशी ताडून पाहिले, की मग काहीतरी दिसायला लागतं. तेही सरासरी."

"म्हणजे मी त्यात दिसणार नाही?"

"तू त्यात असशील. पण वेगळा दिसणार नाहीस."

तो म्हणाला, "आधी मेंदू तसा होतो आणि मग माणूस खायचं सोडतो, की आधी सोडतो आणि मग मेंदू तसा होतो?"

"तेच तर शोधायचंय आम्हाला," ती म्हणाली. "अजून नीट कळलेलं नाही."

ती खोटं बोलली नाही, याबद्दल मला तिचा आदर आहे. आणि मला तिचं म्हणणं समजलं होतं. लॅबमध्ये आम्हीसुद्धा एका रीडिंगवर शिक्का मारत नाही. पण मुलाचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्याला वाटलं होतं, की मशीन एकदा बघून सांगेल, याच्या डोक्यात हे हे चाललंय, हा नाटक करत नाही. ती चिठ्ठी त्याला कुणीच देणार नव्हतं.

तरीही तो सुधारला. हळूहळू, वॉर्डातल्या नर्ससमोर रडत, तासन्तास एका वाटीसमोर बसत सुधारला. घरी आला. पुढचं सबंध वर्ष बरं गेलं. अंगावर मांस आलं, केस गळायचे थांबले, कॉलेजला जायला लागला. मग डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय करायला सांगितला आणि त्यात मेंदू भरून आलेला दिसला. पोकळ्या पुन्हा लहान, वळ्या पुन्हा घट्ट. मी दोन्ही फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला लावून शेजारी शेजारी धरल्या. बायको हात पुसत आली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ती खूप वेळ बघत होती. शेजारी, नातेवाईक, लॅबमधले, सगळ्यांना आम्ही पेढे दिले. आईला फोन केला तर ती म्हणाली, "मेंदूचं ऱ्हाऊ दे. जेवतंय का त्ये सांग."

"जेवतो गं आई, जेवतो."

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं. "फोटो छान आहे, पण त्याच्यावर जाऊ नका. आजार फोटोत दिसत नाही. येत राहा." आम्ही काही दिवस जात राहिलो. मग त्याची परीक्षा आली, माझी शिफ्ट बदलली, मग तोच म्हणाला, आता कशाला.

मी मुलालाही त्या फिल्म दाखवल्या होत्या. "बघ, सगळं जागेवर आलंय."

त्याने नीट पाहिलं. "तो अजून बोलतो पप्पा," तो म्हणाला.

"कमी बोलतो ना पण?"

"नाही. तेवढाच."

मला वाटलं, मेंदू भरलाय तर आवाजही जाईल, थोडा उशीर लागेल इतकंच. आत्ता लिहिताना हे किती भोळं वाटतं. पण तेव्हा माझ्याकडे पुरावा होता.

थंडीत तो पुन्हा पळायला लागला. भाकरीचे तुकडे पुन्हा लहान झाले. या खेपेस आम्हाला कळत होतं, काय होतंय ते. पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मुंबईला चल म्हटलं की तो म्हणायचा, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मेंदू नॉर्मल, रक्त नॉर्मल. मग मला काय झालंय?" जी फिल्म मी काचेला लावून मिरवली, तीच तो आमच्यापुढे करत होता. नातेवाईकही तेच म्हणायला लागले, फक्त उलट्या बाजूने. माझा चुलतभाऊ त्याच्यासमोर बोलला, "आधी आजार होता, समजू शकतो. आता डोकं ठीक आहे, तर ही नाटकं कशाला?"

मुलाने मान खाली घातली. "काका बरोबर बोलतात," तो म्हणाला.

एकदा आम्ही त्याला कसंबसं मुंबईला नेलं. बाईंनी दाखल व्हायला सांगितलं. त्याने नाही म्हटलं. त्या त्याच्याशी खूप बोलल्या, आमच्याशी बोलल्या. तो सज्ञान होता, शांतपणे बोलत होता, पुढच्या आठवड्यात येतो म्हणत होता. आम्ही त्याला घेऊन परत आलो. गाडीत तो खिडकीपाशी बसून झोपी गेला. वाणगावकडे राहणारा त्याचा एक मित्र त्याच डब्यात होता. मित्राने त्याला ओळखलंच नाही. माझ्याकडे बघून हसला आणि विचारलं, "काका, तो कसा आहे? बऱ्याच दिवसांत दिसला नाही."

मे महिन्यात तो म्हणाला, आजीकडे जातो थोडे दिवस. आम्हाला बरं वाटलं. तिथे त्याला समुद्राची हवा मिळेल आणि आजी लक्ष ठेवेल. ती ठेवायची. ती त्याला खा म्हणत नसे. आपण जेवताना त्याला शेजारी बसवायची आणि गावातल्या गोष्टी सांगायची. फोनवर म्हणाली होती, "आज अर्धी भाकर खाल्लीन. बोलू नको त्याच्याजवल, नायतर परत बंद करल."

तो दुपारी ओट्यावर सावलीत बसला होता. आई समोर उन्हात वाळत घातलेली मासळी परतत होती. तिने त्याला पाणी आणायला हाक मारली. त्याने ओ दिली नाही. तिला वाटलं, डोळा लागला असेल, म्हणून तिने तिचं काम पुरं केलं आणि मग ती जवळ गेली.

हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. रक्तातले क्षार कमी झाले की तसं होतं. आम्ही गावी पोचलो तेव्हा आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणालाही हात लावू देत नव्हती. मी तिला हळूच बाजूला केलं. त्याला उचलताना मला जोर लावावा लागला नाही.

दहाव्याला आम्ही खाडीच्या काठी गेलो. भटजींनी पिंड मांडले आणि सवयीने विचारलं, "मुलाच्या आवडीचं काय आणलंय?"

बायकोने सकाळपासून स्वयंपाक केला होता. शेवयांची खीर, कोळंबीचं कालवण, माहेरच्या तांदळाचा भात, बटाट्याची भजी. ती एकेक डबा उघडून पुढे ठेवत गेली. आई म्हणाली, "खीर नव्हं, त्याला घावन लागायचं." बायको म्हणाली, "घावन लहानपणी, आई. मोठेपणी भजी." मग दोघी थांबल्या. भटजींनी जे होतं ते पानावर वाढलं.

कावळा लगेच आला. मग दुसरा आला, तिसरा आला. त्यांनी सगळं खाल्लं. लोकांना हायसं वाटलं. चुलतभावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "त्याची काही इच्छा राहिली नव्हती." बोलून झाल्यावर त्यालाच काहीतरी जाणवलं असावं, कारण त्याने हात काढून घेतला.

परतताना रिक्षात बायको रिकामे डबे मांडीवर घेऊन बसली होती. बोईसर जवळ आलं तेव्हा तिने विचारलं, "त्याला खरंच काय आवडायचं हो?"

मी आठवायचा प्रयत्न केला. आठवली ती सगळी त्याने आमच्यासाठी केलेली रविवारची जेवणं.

"माहीत नाही," मी म्हणालो.